फोर बाय फोर लावूनही गाडी वाळूत पुन्हा पुन्हा का रुतते?

किनाऱ्याजवळ घर, गेस्ट हाऊस किंवा माडांची बाग असलेल्यांकडून दर हंगामात एकच तक्रार ऐकू येते. गाडी फोर बाय फोर आहे, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येतो, टायर चांगले आहेत, इंजिनात जोर आहे, तरी डांबरी रस्ता सोडून आवाराकडे वळलं की ठरलेल्या जागी रुतते. ट्रॅक्टर बोलावून काढायची आणि काही दिवसांनी पुन्हा तिथेच. केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या उत्तर गोव्यातल्या पेडण्याच्या पट्ट्यात पाऊस ओसरला की हे रोजचं होतं. दक्षिणेत बाणावली-कोलव्याकडेही वेगळं काही नाही. बहुतेक वेळा गाडीत बिघाड नसतोच. चूक टायरमधल्या हवेत असते, आणि गाडी अडखळल्यावर पहिल्या काही सेकंदांत पाय काय करतो त्यात असते.

पुढे जे लिहिलंय ते वाळूच्या पायवाटा, माडांखालची मोकळी जागा आणि खासगी आवारं यांच्यासाठी आहे. पुळणीवर गाडी फिरवण्यासाठी नाही. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे. २००१ च्या गोवा पर्यटन स्थळे (संरक्षण आणि देखभाल) कायद्याखाली दंड होतो, पोलीस गुन्हा नोंदवतात, गाडी जप्तही होते. पण कायदा बाजूला ठेवला तरी कारण मोठं आहे. सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) २०११ च्या अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे कासवांच्या विणीच्या जागा म्हणून नोंदलेले आहेत. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वर येते, हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. तेवढ्या काळात वरून टायर गेला तर वाळू घट्ट बसते आणि पिल्लांना वर येता येत नाही. बाहेर आलीच, तर टायरच्या खोल चाकोरीत पडून पाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. किनाऱ्यामागच्या वाळूच्या उंचवट्यांचंही तसंच. मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा यांनी ती वाळू धरून ठेवलेली असते. वेल तुटला की वाळू सुटते, आणि उधाणाचं पाणी अडवायला तुमच्या बागेपुढे काही उरत नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडेच ठेवा.

चारही चाकं खरंच फिरताहेत का?

हास्यास्पद वाटेल, पण तपासणी इथूनच सुरू करा. कोणाला तरी बाजूला उभं करा, हळूच क्लच सोडा आणि पुढची चाकं जोर घेतात का ते बघायला सांगा. जानेवारी २०२३ मध्ये महिंद्राच्या थारची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती आली. बाहेरून ती जवळजवळ तशीच दिसते. भाड्याने गाडी घेणाऱ्या अनेकांना हा फरक ठाऊक नसतो. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा दांडा नसेल, आणि फोर बाय फोरचा स्विचही नसेल, तर ती गाडी वाळूत नेऊच नका.

दांडा आहे, तो टाकलाही आहे, पण डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा लुकलुकतोय, तर जोडणी अर्धवट आहे. स्टिअरिंग सरळ करा आणि गाडी हातभर पुढे-मागे करा. दिवा स्थिर झाल्यावरच निघा. फोर लो साठी (चारही चाकांना जास्त जोर, पण कमी वेग) बहुतेक गाड्या पूर्ण थांबवून न्यूट्रलमध्ये घ्याव्या लागतात. चालत्या गाडीत दांडा ओढला तर करकरतो आणि लागत नाही. आणि हे सगळं वाळूत शिरण्याआधी करायचं असतं. रुतल्यावर फोर बाय फोर लावणारे खूप दिसतात, पण तोवर मागच्या चाकांनी खड्डा केलेला असतो.

फोर बाय फोर लागल्यावरही चारही चाकं सारखा जोर लावत नाहीत, हे लक्षात ठेवा. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरमध्ये, जोर मोकळ्या चाकाकडे पळतो. मग पुढचं एक आणि मागचं एक चाक भरभर फिरतं, बाकीची दोन स्वस्थ. फोर्सच्या गुरखा गाडीत पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक करता येतं, मग दोन्ही चाकं एकत्र फिरतात. मारुतीच्या जिम्नीसारख्या गाडीत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून हे काम होतं, आणि तसं व्हायला चाकाला थोडं फिरू द्यावं लागतं. याच्या जोडीला असलेलं ट्रॅक्शन कंट्रोल मात्र वाळूत उलटं काम करू शकतं. चाक घसरलं की ते इंजिनाचा जोर कमी करतं. ऐन मऊ जागेत अॅक्सिलरेटर दाबूनही इंजिन ढिम्म राहिलं आणि घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा चमकला, तर कारण हे. बटण दाबून ते बंद करा. रस्त्यावर आल्यावर पुन्हा चालू करायला विसरू नका.

हवा

आता मुख्य गोष्ट. डांबरी रस्त्यासाठी भरलेली ३० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपासची हवा वाळूत चालत नाही. फुगलेला टायर जमिनीला हाताच्या पंजाएवढा टेकतो आणि गाडीचा सगळा भार तेवढ्याशा जागेवर येतो. हवा कमी केली की टायर चपटतो. रुंदीला थोडा, लांबीला बराच. भार पसरतो आणि चाक वाळू चिरत जाण्याऐवजी तिच्यावरून जातं. टणक चाकापुढे वाळूचा ढीग साठतो आणि गाडीला सपाट जागेतही सतत चढ चढावा लागतो. इंजिनाचा जोर त्या ढिगात संपतो. म्हणूनच मोठ्या इंजिनाची गाडीही रुतते, आणि जेमतेम १२०० किलोची जिम्नी तिथून निघून जाते.

किती कमी करायची? १८ ते २० पीएसआयपासून सुरुवात करा. हलकी गाडी असेल किंवा वाळू फारच सुटी असेल तर १५-१६. रुतलेली गाडी काढण्यापुरती १२ पर्यंत उतरवता येते, पण तेव्हा वेग माणसाच्या चालीएवढाच ठेवायचा आणि स्टिअरिंग जोरात वळवायचं नाही. एवढ्या कमी हवेत झटक्याने वळलात तर टायर रिमवरून निसटतो. गाडी भरलेली असेल, मागे माणसं किंवा गॅस सिलिंडर असतील, तर मागच्या टायरमध्ये दोन-तीन पीएसआय जास्त राहू द्या.

आकड्यांवर भरवसा नसेल तर बोटांनी मोजा. सपाट जागी, हवा काढण्याआधी, रिमच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत किती बोटं बसतात ते बघा. आठ बसत असतील तर सहा उरेपर्यंत हवा काढा. दुसरी खूण मागे उमटलेल्या ठशात दिसते. ठसा पसरट, उथळ आणि टायरची नक्षी स्पष्ट असेल तर हवा बरोबर आहे. खोल सरी पडून दोन्ही कडांना वाळू उभी राहत असेल तर अजून कमी करा.

हवा काढायला व्हॉल्व्हची पिन दाबायला एखादी काडी पुरते, पण गेज हवंच. डोळ्यांनी अंदाज घेतला तर चार टायरमध्ये चार वेगळे आकडे निघतात, आणि गाडी एका बाजूला ओढते. पुन्हा भरायला १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा. मोठा कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालवू नका, फ्यूज जातो. चिमटे थेट बॅटरीला लावायचा घ्या आणि चालवताना इंजिन सुरू ठेवा. लोक हवा काढायला तयार नसतात याचं खरं कारण मला वाटतं हेच आहे. परत कुठे भरायची, हा प्रश्न असतो. कॉम्प्रेसर असला की तो प्रश्न मिटतो आणि मग हात आखडत नाही.

खोल नक्षीचे चिखलाचे टायर लावले म्हणजे काम झालं, असंही समजू नका. ती नक्षी चिखलात खणून पकड घेण्यासाठी असते. सुट्या वाळूत ती चाकाला लवकर खाली नेते.

काल गेली, आज का नाही?

सकाळी सातला ज्या वाटेने गाडी सहज आली, त्याच वाटेवर दुपारी दोनला रुतते. माणसाला वाटतं गाडीचं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, वाळू सुकलेली असते. कणांमध्ये थोडी ओल असली की ते एकमेकांना धरून राहतात. रात्रीच्या दवाने वरचा थर घट्ट होतो आणि उन्हाने पुन्हा सुटतो. त्यामुळे पावसाळ्यात या वाटा निवांत असतात, ऑक्टोबरच्या उन्हापासून त्रास सुरू होतो आणि मार्च ते मे सगळ्यात वाईट. अवजड सामान आणायचं असेल तर सकाळी लवकर आणा.

पाणी जास्त झालं की मात्र उलट होतं. खाडीच्या तोंडाजवळ, ओहोळाच्या कडेला वाळू वरून सपाट, कडक आणि चकचकीत दिसते, पण आत पाण्याने भरलेली असते. चाक थरथरलं की ती पातळ होते आणि गाडी गिळते. पायाने दोन-तीनदा जोरात दाबून बघा. पाणी वर झिरपलं किंवा जागा लिबलिबली तर तिथून जायचं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्याकडे पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं आणि खाडीकाठच्या वाटांपर्यंत येतं. ओहोटीला कोरडी दिसलेली जागा भरतीला तशी राहत नाही.

चालवताना

वाळू लागण्याआधी गिअर ठरवा. मऊ जागेच्या मध्यावर क्लच दाबून गिअर बदलायला गेलात की गाडी तिथेच थांबते, कारण वाळू क्षणात वेग खाते. छोट्या आवारात फोर लो मध्ये दुसरा गिअर चांगला, लांब वाटेवर फोर हाय मध्ये (चारही चाकांना जोर, वेग नेहमीचा) पहिला किंवा दुसरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये गिअर धरून ठेवा. वेग एकसारखा, पाय हलका.

वळण मोठं घ्या. तिरपी पुढची चाकं फावड्यासारखी वाळू ढकलतात, आणि बहुतेक गाड्या रुततात त्या सरळ वाटेवर नव्हे तर फाटकातून आत वळतानाच. थांबताना ब्रेक दाबू नका. अॅक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप थांबते. ब्रेकने चाकापुढे वाळूची पाचर तयार होते आणि निघताना तीच आडवी येते. जमलं तर तोंड उताराकडे करून थांबा. निघताना आधी थोडी मागे घ्या, चाकाखालची जागा दबू द्या, मग पुढे.

रुतली तर

गाडी पुढे सरकायची थांबली की पाय काढा. लगेच. पुढचे काही सेकंद रेस केल्याने साधी अडचण मोठ्या कामात बदलते. चाकं खणत जातात, गाडीचं पोट वाळूवर टेकतं आणि मग चारही चाकं नुसती हवेत फिरल्यासारखी फिरतात. पाय काढल्यावर स्टिअरिंग सरळ करून, आलेल्या चाकोरीतूनच मागे येऊन बघा. ती वाळू तुमच्याच चाकांनी दाबलेली असते, त्यामुळे पुढे जाण्यापेक्षा मागे येणं जवळजवळ नेहमीच सोपं असतं.

नाही आली, तर उतरा आणि खाली वाकून बघा. चेसिस किंवा डिफरन्शियल टेकलंय का? टेकलं असेल तर आधी तिथली वाळू काढा, नाहीतर बाकीचा सगळा खटाटोप वाया जातो. सायलेन्सरचं तोंड वाळूत बुजलं असेल तर ते मोकळं केल्याशिवाय इंजिन सुरू ठेवू नका. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत येतो आणि त्याला वास नसतो. मग चारही चाकांच्या, ज्या दिशेने निघायचंय त्या बाजूची वाळू फावड्याने उताराने काढा. हवा अजून कमी करा, १५ असेल तर १२. माणसांना उतरवा. ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या फळ्या) असतील तर चाकाखाली घट्ट सरकवा. नसतील तर माडाच्या झावळ्या आहेत, आपल्याकडे त्यांना तोटा नाही. जाड देठाची बाजू आडवी करून दोन-तीन थर घाला. सुक्या झावळ्या तापलेल्या सायलेन्सरला टेकणार नाहीत एवढं बघा, पेट घेतात. आणि चाक फिरताना मागे कुणी उभं नको. बोर्ड किंवा झावळी गोळीसारखी मागे उडते.

जॅक लावायचा असेल तर खाली रुंद फळी हवीच. फळीशिवाय जॅक वाळूत जातो आणि गाडी वर येत नाही.

ओढायची वेळ आली तर सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या. गंभीर दुखापती वाळूत रुतल्याने होत नाहीत, दोर किंवा हुक तुटल्याने होतात. दोर चेसिसच्या टो हुकलाच बांधा. बंपर, अॅक्सल, स्टिअरिंगचा रॉड किंवा ट्रेलरचा गोळा, यांना नाही. तो गोळा तुटून उडाला तर समोरच्या माणसाचा जीव घेतो. होडीचा जुना नायलॉन दोर हाताशी असतो म्हणून वापरला जातो, पण त्याची ताकद किती उरलीय हे कुणालाच माहीत नसतं, आणि तो ताणला की प्रचंड जोर साठवतो. दोरावर मध्ये ओलं गोणपाट टाका. बघे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभे राहू देत. ओढणारी गाडी घट्ट जमिनीवर असावी, आणि तिने झटका न देता दोर ताणून मग ओढावं. आधी खणून, हवा काढून मग ओढलं तर निम्माही जोर लागत नाही. गावातले ट्रॅक्टरवाले हे जाणतात. "बाब, आधी वाळू काढा, मग ओढतो," असं त्यांनी सांगितलं तर वाद घालू नका.

पाणी चढत असेल तर गाडीचा विचार नंतर. आधी माणसं बाहेर, मग ११२ ला फोन.

तीच जागा, पुन्हा पुन्हा

एकदा गाडी रुतून निघाली की तिथे खड्डा राहतो. वाऱ्याने, पायांनी तो कोरड्या, सुट्या वाळूने भरतो आणि वरून सपाट दिसतो. आजूबाजूची जमीन वर्षानुवर्षं दबलेली, हा मात्र पिंपभर भुसभुशीत. पुढची गाडी नेमकी तिथेच बसते. म्हणून गाडी काढल्यावर काम संपत नाही. खड्ड्यात नारळाची सोडणं आणि झावळ्यांचे तुकडे यांचा थर द्या, वर वाळू, पुन्हा थर. सोडणं ओल धरून ठेवतात, माडाच्या आळ्यात आपण ती पुरतो ती त्यासाठीच. बागेच्या पाइपने पाणी मारा आणि कमी हवेच्या गाडीने हळूहळू चार-सहा फेऱ्या मारून दाबा. कडक उन्हाळ्यात पाहुणे येण्याआधी पुन्हा पाणी मारा.

फाटकाजवळचं वळण तोकडं असेल तर कुंपण हातभर मागे घ्या. ट्रकभर चिरेखडी किंवा बांधकामाचा राडा आणून टाकायचा मोह होईल. किनाऱ्यालगतची जागा सीआरझेडमध्ये असते, आणि तिथे भराव घालायचा तर गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी लागते. वाळूचा उंचवटा कापून वाट सरळ करणं तर अजिबात नको.

डांबरी रस्त्यावर परत आल्यावर

फोर बाय फोर सोडा. या गाड्यांमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडलेला असतो. डांबरावर वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि ताण गिअरमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होणं, वळणावर गाडी अडखळणं, दांडा न निघणं ही त्याची लक्षणं. दांडा अडकला असेल तर काही मीटर सरळ मागे घ्या, सुटतो.

हवा भरल्याशिवाय वेग घेऊ नका. कमी हवेचा टायर डांबरावर तापतो आणि फुटू शकतो. हवा भरूनही साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर अलाइनमेंटला धावण्याआधी रिमच्या आतली चिकटलेली वाळू धुवा. ब्रेककडून करकर आवाज येत असेल तर डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये खडा असतो. पाण्याची धार मारा, हळू पुढे-मागे करा. क्लचचा जळका वास आला असेल तर बॉनेट उघडून अर्धा तास थांबा. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला असेल तर इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून निवू द्या.

त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. जोरदार धारेपेक्षा बराच वेळ साधं पाणी सोडणं चांगलं, चेसिसच्या भोकांतून मीठ निघून जायला वेळ लागतो. चाकाच्या हबपर्यंत खारं पाणी गेलं असेल तर डिफरन्शियलचं तेल तपासून घ्या. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. तेल बदलेपर्यंत गाडी लांब नेऊ नका.